मांडवीचं मुख राखायचं तर: १७५० सालच्या गोव्यासाठी तोफांची आखणी

जुन्या बंदराचं संरक्षण नकाशावर आखायला बसलं की पेन्सिल आधी टेकड्यांच्या माथ्यावर जाते. मांडवीच्या उत्तर काठावरचा आग्वादचा माथा आणि रेईश मागूशची टेकडी, मांडवी-जुवारीच्या मधलं काबोचं टोक. तिथं बुरूज काढले, तोफांची तोंडं समुद्राकडे केली की काम झालं असं वाटतं. अशी आखणी पहिल्याच भरतीला फसते. तोफ कुठं बसवायची हे टेकडीवरून ठरत नाही. मोठं जहाज ज्या खोल पाण्यातून आत येणार, त्या चिंचोळ्या पट्ट्यावरून ते ठरतं. म्हणून पाणी आधी काढायचं, जमीन नंतर.

ही पद्धत तिसवाडी बेटासाठी, म्हणजे मांडवी आणि जुवारी यांच्यामधल्या पोर्तुगीजांच्या मूळ मुलखासाठी लिहिली आहे. प्रदर्शनातली प्रतिकृती, मेजावरचा युद्धखेळ किंवा किल्ला बघायला जाण्याआधीचा अभ्यास, तिन्हीला ती चालते. साल १७५० धरा. तोफा गुळगुळीत नळीच्या आणि तोंडाकडून भरायच्या, गोळे भरीव लोखंडाचे, जहाजं शिडाची आणि लाकडी.

आधी नकाशावरून काय पुसायचं

१:२५,००० प्रमाणाचा नकाशा घ्या, म्हणजे ४ सेंटिमीटरला १ किलोमीटर. वर ट्रेसिंग पेपर, हाताशी कंपास, कोनमापक आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक. आजचा किनारा जशाचा तसा उतरवू नका. मुरगावचा लाटा अडवणारा बांध १९व्या शतकाच्या अखेरचा आहे, तो काढून टाका. कांपाल ही १९व्या शतकात भराव घालून कोरडी केलेली दलदल आहे, तिथं ओली जमीन दाखवा. पणजी आणि रायबंदर जोडणारा दगडी बांध मात्र राहू द्या, तो १६३०च्या दशकातला आहे. मिरामारच्या पुळणीवर गाश्पार दियाशचा कोट काढा. हा कोट १८३५च्या लष्करी बंडाळीत उद्ध्वस्त झाला, त्यामुळे आजच्या नकाशात तो सापडणार नाही. आणि नदीतल्या गाळ काढलेल्या आजच्या मार्गावर विसंबू नका, त्या काळी वाळू जिथं साचायची तिथंच साचलेली धरा.

आता पाणी. मोठं लढाऊ जहाज साधारण ६ मीटर पाणी खातं, मध्यम फ्रिगेट ५ मीटरच्या आसपास. गलबत किंवा गुराब अशी छोटी शिडाची जहाजं त्याच्या निम्म्याहून कमी पाण्यातून निघून जातात. त्यामुळे दोन वेगळ्या रंगांत दोन वाटा आखा, एक खोल पाण्याची आणि एक उथळ पाण्याची. मांडवीच्या मुखावर वाळूची दांडी आहे. मोठं तारू तिच्यावरून भरतीलाच येणार. उधाणाला इथं पाणी दोन-सव्वादोन मीटर चढतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे भांगाच्या दिवसांत मोठ्या जहाजाला दांडी ओलांडणं अवघड, आणि हल्ल्याची शक्यता अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जास्त. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, मांडवीचं मुख जवळपास बंदच. त्या महिन्यांत जहाजं मुरगावच्या भूशिराच्या आडोशाला, जुवारीत जायची आणि माल कुंभारजुव्याच्या खाडीने जुन्या गोव्याला यायचा. म्हणून बंदर एक असलं तरी दारं दोन आहेत, आणि ऋतूप्रमाणे महत्त्वाचं दार बदलतं.

वाऱ्याची नोंदही याच कागदावर करा. कोरड्या ऋतूत सकाळी जमिनीवरून मतलई वाहतो, दुपारी वायव्येकडून खारा वारा धरतो. शत्रू दुपारच्या वाऱ्यावर, चढत्या पाण्याबरोबर आत येणार. त्या वेळी सूर्य पश्चिमेला कलत असतो. काबो आणि गाश्पार दियाशवरून पश्चिमेकडे नेम धरणाऱ्या गोलंदाजाच्या डोळ्यांवर उन्हाची तिरीप येते, आणि गाश्पार दियाशवर स्वतःच्याच तोफांचा धूर उलटा तोंडावर येतो. रेईश मागूश दक्षिणेकडे पाहतो, त्याला उन्हाचा त्रास कमी. पण त्याचा धूर नदीवर पसरून लक्ष्य झाकतो. उपाय एकच: वाऱ्याच्या खालच्या अंगाची तोफ आधी डागायची आणि वरच्या अंगाकडे सरकत जायचं, म्हणजे धूर न डागलेल्या तोफांसमोर येत नाही.

पल्ल्याची वर्तुळं

बंदराच्या आखणीत २४ पौंडी तोफ हे माप धरा. गोळा सुमारे ११ किलोचा, १४ सेंटिमीटर व्यासाचा, लोखंडी नळी अडीच टनांच्या घरात. एका बाराला, म्हणजे तोफ एकदा डागायला, दारू गोळ्याच्या वजनाच्या एक तृतीयांश, म्हणजे ८ पौंड. नळी आडवी ठेवली तर गोळा ३०० मीटरच्या आसपास पाण्याला टेकतो, ५ अंश उचलली तर सुमारे दीड किलोमीटर जातो. त्यापुढेही गोळा पोचतो, पण तिथं चालतं जहाज टिपणं नशिबाचा भाग. भरवशाचा पल्ला ८०० मीटर धरा आणि प्रत्येक जागेभोवती दोन वर्तुळं काढा, ८०० मीटरचं गडद आणि १,५०० मीटरचं फिकट.

वर्तुळं काढली की आखणीतलं मोठं सत्य लगेच दिसतं. आग्वादचं टोक ते काबो अंतर ढोबळ साडेचार किलोमीटर. दोन्हीकडची फिकट वर्तुळं जोडली तरी मधे दीड किलोमीटर मोकळं पाणी उरतं. आग्वादवर ७९ तोफा होत्या असं सांगितलं जातं. त्या दुप्पट केल्या तरी हा दरवाजा लागणार नाही. काबो ते मुरगाव या जुवारीच्या दाराचीही गत तीच. मांडवी खरी आवळली जाते ती रेईश मागूश आणि गाश्पार दियाश यांच्यामधे. तिथं रुंदी किलोमीटरभर, म्हणजे मधोमध चालणारं जहाज दोन्ही काठांपासून ५०० मीटरवर, दोन्ही गडद वर्तुळांच्या आत. रेईश मागूशचा कोट १५५१चा, गाश्पार दियाशचा १६व्या शतकाच्या अखेरचा, आणि आग्वाद १६१२ साली पुरा झाला. नदी आवळणाऱ्या जागा आधी बांधल्या गेल्या, बाहेरचं भूशिर नंतर. तुमच्या आखणीतही पैसा आणि तोफा याच क्रमाने टाका.

मग आग्वाद कशासाठी? पाण्यासाठी, टेहळणीसाठी आणि स्वतःच्या जहाजांना पाठीशी घालण्यासाठी. येणाऱ्या जहाजांना गोडं पाणी तिथं मिळायचं, आणि त्याच्या खालच्या कोटाच्या आडोशाला ती नांगर टाकायची. शत्रूला ते पाणी आणि तो नांगरवाडा मिळू न देणं हेच त्याचं काम.

किती बार मिळतात

बहुतेक आखण्या इथं कोसळतात, म्हणून हा हिशेब सावकाश करा. जहाज ५०० मीटरवरून जातंय, पल्ला ८०० मीटर. तर माऱ्याखालची वाट निघते सुमारे १,२५० मीटर. जहाजाचा वेग ४ नॉट आणि भरतीचा ओघ दीड नॉट, मिळून साडेपाच नॉट म्हणजे मिनिटाला १७० मीटर. जहाज सात-साडेसात मिनिटांत माऱ्याबाहेर. बार ठासून, नेम धरून, डागायला तीन मिनिटं धरली आणि पहिला बार तयार ठेवला, तर एका तोफेला तीन बार मिळतात. दोन्ही काठांना आठ-आठ तोफा ठेवल्या तर ४८ गोळे. खेळासाठी चारांत एक गोळा लागतो असं माना: १२ गोळे. लाकडी जहाज १२ गोळ्यांनी क्वचितच बुडतं. डोलकाठी तुटते, माणसं पडतात, जहाज मात्र आत शिरतं.

आणि हा हिशेबही उदार आहे. तटात कोरलेल्या झरोक्यातून तोफ किती वळते ते काढून बघा. मातीची साडेपाच मीटर जाडीची भिंत, झरोका आतून ६० सेंटिमीटर, बाहेरून २ मीटर ७० सेंटिमीटर. मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना जेमतेम ११ अंश. ५०० मीटरवर हा कोन नदीचा फक्त १९० मीटरचा तुकडा दाखवतो, आणि जहाज तो तुकडा सत्तर सेकंदांच्या आत ओलांडतं. तीन बारांचा हिशेब एका बारावर आला. सगळ्या तोफांची तोंडं एकाच दिशेला असतील तर सगळ्यांचा एकुलता बार एकाच मिनिटात होतो, आणि बाकीची सहा मिनिटं गोलंदाज भिंत बघत बसतात.

यातून वाट काढायची दोन प्रकारे. भिंत पातळ करा: चिऱ्याची पक्की दोन मीटरची भिंत असेल तर त्याच मापाच्या झरोक्यातून दोन्हीकडे २७ अंश मिळतात. पाण्यावर डुलणाऱ्या जहाजाचा नेम फारसा धड लागत नाही, त्यामुळे नदीच्या अंगाला जाडी कमी करणं परवडतं. जमिनीच्या अंगाला मात्र नाही, तिथं शत्रू स्थिर मोर्चा, म्हणजे तोफांचा तळ, बांधून तास न् तास मारा करतो. दुसरा प्रकार म्हणजे झरोकेच टाळा. छातीपर्यंतची बुटकी भिंत आणि तिच्यावरून डागणारी तोफ. पहारीने तोफगाड्याचं शेपूट सरकवलं की हवं तिकडे तोंड वळतं. गोलंदाज उघडे पडतात हे खरं, पण ५०० मीटरवर बंदुकीची गोळी पोचत नाही आणि छर्‍याचा मारा विखुरलेला असतो. रेईश मागूशसारख्या जागी आम्ही बुटकी भिंत निवडू, नांगरवाड्याच्या अगदी जवळच्या मोर्च्यावर झरोके. झरोके ठेवलेच तर तोफांची तोंडं पंख्यासारखी पसरवा, म्हणजे प्रत्येक तुकड्यावर कुणाची तरी नजर राहते.

तिसरी जागाही हवी. नदीत शिरणारं जहाज नाळ, म्हणजे पुढचं टोक, पणजीकडे करून येतं. तिथं काठावर चार-सहा तोफा वाटेच्या रेषेत लावल्या तर गोळा नाळेतून शिरून वरामापर्यंत, म्हणजे मागच्या टोकापर्यंत, सरळ जातो, आणि लक्ष्य बाजूला सरकत नसल्यामुळे नेम बदलावा लागत नाही. काठावरच्या दहा तोफांपेक्षा अशा चार तोफा जास्त नुकसान करतात. शिवाय जहाजाला माऱ्याखाली अडकवायला काहीतरी लागतंच: साखळदंड, एकमेकांना बांधलेल्या ओंडक्यांची माळ, किंवा दगड भरून बुडवलेली जुनी गलबतं. असा अडसर दोन्ही काठांच्या गडद वर्तुळांत आणि पणजीच्या तोफांच्या रेषेत येईल असा टाका. तोफांच्या पल्ल्याबाहेरचा अडसर शत्रूचे मचवे रात्रीतून तोडतात.

उंची

उंचावरची तोफ खाली वाकते ती फार तर ५ अंश. त्याहून जास्त वाकवली तर गाडा नाचतो, आणि गोळ्यावर दुसरा बोळा ठासला नसेल तर गोळा घरंगळून बाहेर येतो. ५ अंशांच्या हिशेबाने ३० मीटर उंचीवरच्या तोफेसमोर सुमारे ३४० मीटर पाणी मुर्दाड राहतं, म्हणजे तिथल्या जहाजावर नेम धरता येत नाही, ५० मीटरवर ५७० आणि ८० मीटरवर ९१० मीटर. गोळा वाटेत खाली येतो म्हणून प्रत्यक्षात हे थोडं कमी भरतं, पण आखताना पूर्ण धरा. दुसरा तोटा जास्त महत्त्वाचा. वरून पडणारा गोळा पाण्यात घुसतो आणि संपतो. पाण्यापासून पाच-सहा मीटरवरून जवळजवळ आडवा मारलेला गोळा तुकतुकीत पाण्यावर टप्पे घेत जातो. अंतराचा अंदाज शंभर-दोनशे मीटर चुकला तरी तो जहाजाच्या अंगात शिरतो. आग्वादला वरचा कोट आणि पाण्यालगतचा खालचा कोट असे दोन भाग का आहेत, ते नकाशावर ही मुर्दाड पट्टी रंगवली की स्पष्ट होतं.

तेव्हा तोफांपैकी किमान दोन तृतीयांश खाली ठेवा. इतक्याही खाली नको की पावसाळ्यातल्या उधाणाच्या लाटा झरोक्यातून आत येतील. भरतीच्या रेषेच्या वर ५ ते ८ मीटर ठीक.

मोर्चा बांधताना

दोन तोफांच्या मधे साडेपाच ते सहा मीटर अंतर ठेवा. बैठक लांबीला साडेपाच मीटर, चिऱ्याच्या फरसबंदीची किंवा जाड फळ्यांची, आणि उतार भिंतीकडे. त्या उताराने तोफेचा मागचा झटका आवरतो आणि भरल्यावर गाडा पुढे ढकलायला सोपं जातं. पण भिंतीच्या पायथ्याशी पाणी साचतं, त्यामुळे गोव्यात तिथं मोरी काढलीच पाहिजे. नाहीतर एका पावसाळ्यात चाकं कुजतात आणि फळ्यांना वाळवी धरते. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेवर कठीण होतो. सच्छिद्र असल्याने त्याच्या कपऱ्या कमी उडतात, पण उघडा ठेवला तर सांध्यांत झाडं रुजतात. चुन्याचा गिलावा दर पावसाळ्यानंतर बघावा लागतो.

दारू आणि गोळ्यांचा हिशेब तोफेमागे १०० बारांचा करा. २४ पौंडी तोफेला ८०० पौंड दारू, म्हणजे १०० पौंडांची ८ पिंपं. सोळा तोफांना १२८ पिंपं, सुमारे ५.८ टन. गोळे १,६००, वजन साडेसतरा टनांच्या आसपास. हे सगळं मचव्यांतून उतरवायचं आहे, तेव्हा प्रत्येक मोर्च्याखाली धक्का दाखवा. मुख्य दारूकोठार मोर्च्यापासून दूर, टेकडीच्या पोटात, हवेच्या झरोक्यांना नागमोडी वळण देऊन, म्हणजे ठिणगी सरळ आत येणार नाही. तोफांजवळ फक्त वीस-वीस बारांची कोठडी. खाऱ्या हवेत दारू ओल धरते, मग बार फुसका जातो आणि गोळा दीडशे मीटर अलीकडे पडतो. पिंपं महिन्यातून एकदा फिरवायची, पावसाळा सरला की दारू उन्हाला घालायची. उघड्यावर रचलेले गोळे गंजून त्यांवर पापुद्रे चढतात. असा गोळा नळीत अर्ध्यावर अडकला तर तोफ गेलीच, तेव्हा प्रत्येक गोळा मापाच्या कडीतून काढून बघायचा. नळीच्या तोंडाला लाकडी बूच, रंजकाच्या, म्हणजे बत्ती देण्याच्या, छिद्रावर शिशाचं पान.

माणसं तोफेमागे किमान ८, आणि दोन पाळ्या. सोळा तोफांना २५६. गोलंदाज कमी असतील तर तोफाही कमी मांडा, माणसांविना तोफ म्हणजे शत्रूला दिलेली भेट.

पाठ

बेटाची पाठ विसरलात तर वरची सगळी मेहनत पाण्यात. संभाजी महाराजांच्या फौजेने नोव्हेंबर १६८३मधे जुवें बेटावरचा कोट घेतला तो रात्री, ओहोटीचा फायदा घेऊन, मुखाकडच्या एकाही मोठ्या तोफेसमोर न येता. म्हणून नकाशावर उताराच्या जागा वेगळ्या रंगाने भरा: बाणस्तारी, गवंडाळी, दावजें, आगशी, शिवाय दिवाडीचा नार्व्याकडचा भाग. सुकतीला कुठं चिखल कंबरेपर्यंत आणि कुठं गुडघ्यापर्यंत, खाजणांचे, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या शेतजमिनींचे, बांध कुठं, मानशी, म्हणजे त्या बांधांतली पाण्याची दारं, कुठं, हे टिपा. बांधावरून माणूस कोरड्या पायांनी येतो. इथं २४ पौंडी तोफ नको. ४ ते ६ पौंडी हलक्या तोफा, छर्रे, पन्नास-साठ बंदूकवाले आणि रात्री गस्त घालणारी होडी हवी. मुखावरच्या कोटांनाही जमिनीकडून खंदक आणि जाड तट लागतो. मराठ्यांच्या १७३९च्या मोहिमेत मांडवीच्या उत्तरेचा बार्देश मुलूख हातचा गेला तेव्हा आग्वाद आणि रेईश मागूश पोर्तुगीजांकडे राहिले, ते पाठ मजबूत होती म्हणूनही.

नांगरवाडा आखताना सप्टेंबर १६३९ डोळ्यांसमोर ठेवा. डच ताफ्याने मुरगावच्या बंदरात शिरून नांगरलेली तीन पोर्तुगीज गलियन, म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, जाळली. किल्ला होता, जहाजंही मोठी होती. नांगर अशा जागी टाका की शत्रूला तिथवर यायला दोन मोर्च्यांची गडद वर्तुळं ओलांडावी लागतील, आणि स्वतःची जहाजं तोफांच्या रेषेत आडवी येणार नाहीत. १६३६पासूनच्या आठेक वर्षांत डचांनी कोरड्या ऋतूंमधे मुखाबाहेर ठाण मांडून गोव्याचा व्यापार गुदमरवला, तेही पल्ल्याबाहेर राहून. तोफांच्या कुठल्याही आखणीने ती कोंडी फुटत नाही. त्यासाठी ताफा लागतो, आणि खेळात त्याचा खर्च वेगळा धरा.

आखणी तपासणं

नकाशा दुसऱ्याच्या हाती द्या आणि त्याला शत्रू करा. त्याला तारीख निवडू द्या, वेळापत्रकातून भरतीची वेळ आणि पाण्याची उंची काढू द्या. जहाजाची जागा दर मिनिटाला १७० मीटर पुढे सरकवा. प्रत्येक मिनिटाला कोणत्या तोफेचा कोन जहाजावर आहे आणि कोणती भरली जातेय हे तक्त्यात लिहा. एकाही तोफेचा कोन पडत नाही असं मिनिट निघालं तर तिथं नवी तोफ देण्याआधी शेजारची दहा अंश वळवून बघा, बहुधा तेवढ्याने भागतं. मग तोच डाव रात्री, ओहोटीला, बाणस्तारीकडून खेळा. तिसऱ्यांदा ऑगस्ट महिना धरून जुवारीच्या बाजूने. तिन्ही डावांचे तक्ते शेजारी ठेवले की कुठल्या तोफेने तिन्ही वेळा एकही बार काढला नाही ते दिसतं. ती तोफ उचला आणि पणजीच्या काठावर, वाटेच्या रेषेत नेऊन ठेवा.